शीबा मॅडमच्या अभिप्रायाचा गोषवारा

हे मी घरातही कधी बोललो नाही. आणि मी न बोललेली गोष्ट जाफराबादेत सापडणं अवघड — गॅदरिंगचं निवेदन माझं, निरोप समारंभात रडवतो मी, प्राचार्यांची नक्कल प्राचार्यांसमोर करतो. लोक खुर्च्या ओढून बसतात. हे सांगायला मात्र — पाहा, लगेच स्वतःचं कौतुक सुरू झालं. असंच टाळत आलोय.

आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला तासिका तत्त्वावर शीबा मॅडम आल्या. केरळच्या. नवऱ्याची बदली इथल्या बँकेत झाली म्हणून. नेमणूक एका वर्षाची. पुढच्या वर्षी घ्यायचं की नाही, ते मुलांच्या अभिप्रायावर.

त्या शिकवायच्या कशा? प्रश्न विचारायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. एक मिनिट, कधी दोन. वर्ग माना खाली घालून बसलेला. आमच्याकडे सर बोलतात, मुलं उतरवून घेतात. जो न थांबता बोलतो तो हुशार. मी तर तासभर श्वासही घेत नाही. त्या थांबायच्या ते मुलांना विचार करता यावा म्हणून, त्या शिकल्या तिथे असंच शिकवतात — हे त्यांनी मला स्टाफरूममध्ये नीट सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही.

एक दिवस माझ्या तासाला एका मुलाने विचारलं, "सर, त्या मॅडम आम्हालाच काहून इचारून राह्यल्या?"

खरा प्रश्न होता. उत्तर मला येत होतं. मी खडू ठेवला, चष्मा पुसला, पुरेसा वेळ घेतला — आणि म्हणालो, "त्यांना येत नसंल. मंग तुम्हालाच इचारतील, दुसरं काय करतील?"

काय हशा उठला! आजही आठवला की — का लपवू? — आधी छान वाटतं. मग पुढचं सगळं आठवतं.

महिन्याने अभिप्रायाचे फॉर्म भरून आले. त्यांचा गोषवारा लिहायचं काम माझ्याकडे. पानामागून पान तेच : मॅडमला येत नाही, आम्हालाच विचारतात. माझंच वाक्य, इतक्या हस्ताक्षरांत. एका मुलीने मात्र लिहिलं होतं — मॅडम थांबतात म्हणून मी वर्गात पहिल्यांदा इंग्रजीत बोलले. ते मी दोनदा वाचलं. फॉर्म गठ्ठ्याच्या तळाशी सारला.

प्राचार्यांनी गोषवारा वाचला. म्हणाले, "एकानंबी बरं लिव्हलं न्हाई का, सर?"

तो फॉर्म दाखवला असता तर बाकीच्यांनी असं का लिहिलं, याची चौकशी झाली असती. आणि वाक्य कुणाचं, हे पोरांनी एका दमात सांगितलं असतं. मी भ्यायलो.

"न्हाई सर," म्हणालो. "बिलकुल न्हाई."

मॅडमना पुन्हा घेतलं नाही. मुलांनी काय लिहिलं, असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा तुमची पद्धत इथल्या पोरांना झेपली नाही, म्हणालो. पोरांवर ढकललं. त्यांनी माझे आभार मानले.

त्या अजून इथेच राहतात. दुसरीकडे कुठे अर्ज केला नाही. बाजारात भेटतात, नमस्कार करतात. परवा कुणीतरी त्यांना शिकवणी घ्या म्हणालं, मी शेजारीच होतो. त्या म्हणाल्या, "मला शिकवायला येत नाही ना. सरांना विचारा, त्यांना माहीत आहे."

आणि हसल्या. मीही हसलो.