रिकाम्या गावातला सार्जंट

मोल्दोव्हात फौजेत असणं म्हणजे घरजावई असण्यासारखं. घरात जागा आहे, पण मान नाही. देश तटस्थ, तसं घटनेतच लिहिलेलं. मग ही फौज पोसायची कशाला, असं लोक तोंडावर विचारायचे. सार्जंट पांतेलेई रुस्नाक हे सगळं ऐकून घ्यायचा. जमिनीत पुरलेले सुरुंग, जुने तोफगोळे शोधून निकामी करणं हे त्याचं काम. त्या कामात तो पक्का होता, बोलण्यात मात्र कच्चा.

फौजेने त्याला घर द्यायचं कबूल केलं होतं. आज मिळेल, उद्या मिळेल करत लग्नाला कितीतरी वर्षं झाली, आणि नवराबायको छावणीच्या वसतिगृहातल्या एका खोलीतच राहिले. शेवटी बायको लिडिया कंटाळून इटलीला गेली. पादोव्हाला एका म्हाताऱ्याची देखभाल करायला लागली. "दोन वर्षांत परत येते," म्हणाली होती. ती दोन वर्षं कधीच उलटून गेली होती.

पांतेलेईला इटालियन येत होतं. कोसोवोच्या शांतिसेनेत तो इटालियन तुकडीबरोबर राहून आला होता. तिथे त्याला चांगले बूट मिळाले, गरम कॉफी मिळाली. एक इटालियन सार्जंट तर आपल्या हाताखालच्या पोरांना सांगायचा, "हात कसा चालवायचा ते ह्याच्याकडून शिका." आपल्या देशात असं कधी कुणी म्हणालं नव्हतं. परत आल्यावर त्याने फोनवर लिडियाशी हौसेने इटालियन बोलायला सुरुवात केली, तशी ती म्हणाली, "नको ना रे. दिवसभर तेच बोलते. तू तरी आपलं बोल." तेवढ्यात पलीकडे म्हातारा कण्हला. फोन तसाच ठेवून ती त्याच्याजवळ गेली, आणि हळू आवाजात इटालियनमध्ये म्हणाली, "मी आहे ना इथे. कुठ्ठे जात नाही." पांतेलेईला शब्द न् शब्द कळला. त्याने फोन बंद केला.

त्या वसंतात सैन्याचा संयुक्त सराव होता. परदेशी गाड्यांचा ताफा सरावाच्या मैदानाकडे निघाला, आणि रस्ता नेमका त्याच्या गावावरून, कोतुल नुकुलुईवरून जात होता. कॅप्टन म्हणाला, "तुझंच गाव ना? मग पुढच्या गाडीत बस. लोक तुझं ऐकतील."

गावच्या पुलावर लोक ताफ्याची वाट अडवून बसले होते. सगळ्यांच्या पुढे लाकडी स्टुलावर त्याची आई आगाफिया, पदरात सूर्यफुलाच्या बिया घेऊन.

शेजारचा गाव्रिल ओरडला, "आला बघा पांत्या! काय रे, आपल्याला नको असलेले पाहुणे घरात घेऊन आलास?"

"गाव्रिलभाऊ, नुसता सराव आहे. चार दिवसांनी जातील परत."

"हो, हो! पाहुणे असंच म्हणतात!"

पांतेलेई आईजवळ उकिडवा बसला. "आई, ऊठ ना. माझी नोकरी आहे गं."

"तू जा ना तुझ्या वाटेने. मी बसलेय." तिने एक बी फोडली. "इलिये गेला तेव्हाही गाड्याच आल्या होत्या."

इलिये म्हणजे पांतेलेईचा थोरला भाऊ. ब्याण्णव साली देशात यादवी पेटली, तेव्हा नदीवरच्या लढाईत मारला गेला होता. घरात त्याचं नाव फारसं कुणी काढत नसे. तो तसाच, गणवेशात, आईशेजारी रस्त्यावर बसला. मागे इंजिनं घुरघुरत राहिली. अखेर ताफा मागे वळला आणि लांबच्या रस्त्याने गेला.

त्याचे परिणाम व्हायचे ते झाले. कोसोवोच्या पुढच्या तुकडीतून त्याचं नाव गेलं. "हा आईच्या पदराखालचा," असं छावणीत म्हणू लागले. गावात म्हणायचे, "हा परक्यांच्या ताटाखालचा." तो दोन्हीकडे मान खाली घालून वावरायचा.

द्राक्षं उतरवायच्या दिवसांत गाव्रिल मळ्यात कुजलेला खांब उपटत होता. पहार कशावर तरी खणकन आपटली. बघतो तर मागच्या महायुद्धातला तोफगोळा, गंजलेला, पण अख्खा. सुरुंग पथकाला निरोप गेला, आणि पथकातला गावची माहिती असलेला माणूस म्हणून पांतेलेईलाच धाडलं.

पोलिसांनी सगळं गाव टेकडीपलीकडच्या शाळेत हलवलं. रिकाम्या गल्लीतून पांतेलेई एकटाच चालला. दारं उघडी, अंगणात द्राक्षांच्या टोपल्या तशाच ठेवलेल्या, कुणाच्या तरी चुलीवरून जळका वास येत होता. तो आत जाऊन कढई उतरवून आला. जन्मगाव, आणि हाक मारायला कुणी नाही. माणसं असतानाही आपल्याला इथं असंच वाटतं, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला बरं वाटलं नाही.

आईच्या फाटकाशी तो थबकला. ती ओसरीवर मिरच्या निवडत बसली होती.

"आई! तुला शाळेत जा म्हणून सांगितलं ना?"

"कंबर धरलीय माझी."

"खोटं बोलू नकोस. तू हलल्याशिवाय मला हात लावता येत नाही त्याला."

"मग नको लावूस." तिने मान वर केली नाही. "तू तिथे वाकून बसणार, आणि मी शाळेत बाकावर बसून आवाज कधी येतो ते ऐकू? एकाचं ऐकलंय तेवढं पुरे."

तो पायरीवर बसला. पुलावर ती गाड्यांसाठी नाही, त्याच्यासाठी बसली होती, हे त्याला आत्ता समजलं.

"भीती वाटते का रे तुला?" तिने विचारलं.

"वाटते. दर वेळी."

"कुणाला सांगितलंस कधी?"

"कुणाला सांगू?"

आगाफियाने मिरच्यांचं सूप बाजूला ठेवलं, रुमाल नीट बांधला आणि त्याचा हात धरून उठली. टेकडीच्या पायथ्यापर्यंत मायलेक सावकाश चालत गेले. तिथे तिने त्याच्यावर क्रूसाची खूण केली आणि मागे न बघता चढू लागली.

गोळा निघाला. वाळूच्या पेटीतून जुन्या खाणीत नेऊन उडवला. संध्याकाळी गाव परतलं, तेव्हा गाव्रिल म्हणाला, "किती रे वेळ लावलास, द्राक्षं तापली सगळी!" मग जरा घुटमळून, "ये की, रस पिऊन जा." पण गाडीचा ड्रायव्हर घाईत होता.

पुढच्या वर्षी पांतेलेई निवृत्त झाला. घर मिळालं नाहीच. कर्नलने हात मिळवला, वसतिगृहातली खोली रिकामी करून घेतली, आणि तो गावी आईकडे आला. दोन हिवाळे मायलेकांनी एका शेगडीशी काढले. फारसं बोलत नसत, पण ती झोपेपर्यंत तो दिवा मालवत नसे. तिसऱ्या शरदात ती गेली.

लिडिया मातीला आली, आठवडाभर राहिली. घर पुसून काढलं, पडदे धुतले. तिची बस गावच्या नाक्यावर थांबली तेव्हा म्हणाली, "चल ना माझ्याबरोबर. इथे आता काय आहे तुझं?"

"तुझ्या म्हाताऱ्याच्या घरात मी कुठे राहू?"

तिने त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि ती चढली. बस दिसेनाशी झाल्यावर तो घरी आला, कोंबड्यांना दाणे टाकले, आणि जमीन गोठायच्या आत लसूण लावून घ्यावा म्हणून फावडं घेऊन परसात गेला.