अवेळी भोंडला

चूक माझी होती. गेल्या वर्षी अक्काला बडोदा स्टेशनवर गाडीत बसवलं, पाण्याची बाटली दिली, पोचल्यावर फोन कर म्हणालो. माफी तेवढी मागितली नाही. गाडी हलली तरी तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

वीस वर्षांपूर्वी कराडच्या एसटी स्टँडवरून नोकरीसाठी मी निघालो, तेव्हा हीच माझी थोरली बहीण बस दिसेनाशी होईपर्यंत उभी होती. "भिऊ नगंस, तिकडं बी माणसंच हायेत," म्हणाली होती. माणसं भेटली, कारेलीबागेत घर झालं. भीती मात्र नदीची बसली. विश्वामित्री फुगली की मगरी सोसायटीत येतात.

गेल्या पावसाळ्यात अक्का राहायला आली आणि तळमजल्यात पाणी शिरलं. खालच्या हंसाबेन मुलांना घेऊन आमच्याकडे वर आल्या. लाइट गेलेली, दुपारीच अंधारलेलं. पाणी किती चढलं ते बघायला मी जिन्यात गेलो, तर पार्किंगमधल्या स्कूटरांमधून एक खरबरीत पाठ सरकत गेली. मी दोन-दोन पायऱ्या चढत पळालो.

वर आलो तर गाणं चाललेलं. अक्काने पाटावर खडूने हत्ती काढला होता आणि पोरांना फेर धरायला लावून ती भोंडल्याचं एक गमतीचं गाणं म्हणत होती. सहा वर्षांची माझी मुक्ता खिदळत होती. हंसाबेनना शब्द कळत नव्हते, तरी टाळ्या देत होत्या. मग पोरं खिरापत ओळखू लागली. "श्रीखंड!" "ना, फाफडा!" डब्यात नुसते चुरमुरे होते.

"बंद कर ते," मी ओरडलो. "खाली मगर आलीय. मरण दारात आहे आणि तू भोंडला घालतेस? नवरात्र लागलंय का?"

"आरं, पोरं भ्याली व्हती," ती हळूच म्हणाली.

"भाई, गावा दो ने," हंसाबेन म्हणाल्या.

त्या गाऊ द्या म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. अक्काने हत्ती पुसला. मुक्ताच्या कानात 'मरण' तेवढं राहिलं. पाणी ओसरलं, तरी दोन महिने ती एकटी जिना उतरली नाही.

यंदा नदी वाढल्याची बातमी आली, तशी ती माझा शर्ट धरून बसली. "आत्या येणार नाही?" भ्यालेल्या पोराला जिथे गाता येत नाही, त्याला मी घर म्हणत होतो.

बोललो होतो चारचौघांत. म्हणून हंसाबेनना वर बोलावलं, मुक्ताला जवळ घेतलं आणि फोन स्पीकरवर ठेवला.

"अक्का, त्या दिवशी सगळ्यांत जास्त मी भ्यालो होतो. तुझ्यावर काढलं. चुकलो मी. मुक्ता इथंच बसलीय. आत्ता ते गाणं म्हणशील?"