शिसपेन्सिलीने लिहिलेलं नाव

ज्या हातांनी आपल्याला घडवलं, त्यांनीच आपलं नाव वगळलं, तर त्या हातांना नमस्कार कसा करावा? याचं उत्तर मला देता येत नाही. कुबल सरांच्या साठीनिमित्त संपादकांनी लेख मागितला, म्हणून जे माहीत आहे ते लिहिते.

सरांची पहिली भेट अंधेरीच्या आमच्या महाविद्यालयातली. प्रवेशाला आलेल्या माझ्यापुढे त्यांनी करली माशाचं डोकं ठेवलं. "कल्ला उचल. काय दिसतं?" लाल झालरीत तांदळाच्या कणीएवढं काही चिकटलं होतं. मी चिमट्याने ओढू लागले. "अगं थांब! ओढलंस तर त्याचं तोंड आतच राहील. झालर कापून तिच्यासकट काढ." तो जीव कोळंबी-खेकड्यांचा दूरचा भाऊबंद, माशाच्या रक्तावर जगणारा. माझा विषय तिथेच ठरला. आई म्हणाली, "माशाच्यो उवो शोधूक एवढा शिकलंस काय गो?"

नमुन्याच्या बाटलीतली चिठ्ठी शिसपेन्सिलीनेच लिहायची, हा सरांचा दंडक. शाई स्पिरिटमध्ये विरघळते. मासा कोणता, कुठला आणि जीव कोणाला सापडला, एवढं त्यावर हवंच. कांदिवलीच्या बाजारात एका मावशींनी असा जीव दाखवला, तेव्हा सरांनी चिठ्ठीवर त्यांचं नाव घातलं. "नाव लिवा, पण मासा पण घ्या ना!" मावशी म्हणाल्या. सरांनी तोही घेतला. आम्हाला म्हणाले, "ज्याला सापडलं त्याचं नाव. इथे हुद्दा चालत नाही."

घरी माझ्यासाठी स्थळं येऊ लागली, तेव्हा सर भांडुपला आमच्या खोलीत आले. बाबांना म्हणाले, "हिला शिकू द्या. हिचं नाव छापून येईल, ते भिंतीवर लावा." घरातली मी पहिली पदवीधर. बाबांनी त्याच संध्याकाळी खिळा ठोकला.

पुढे मुडदुशी माशाच्या कल्ल्यावर मला एक जीव सापडला. महिनोन्महिने पडताळून सरांनीच सांगितलं, ही जात नवी आहे. शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांच्या सूनबाईंचं, दुसरं सरांचं. मी शेवटी, आभारांत.

"सर, हे काय?"

"विभाग बंद करायला निघाले होते गं. तुझं एक नाव गेलं, विभाग राहिला. पुढच्या मुली शिकतील."

विभाग खरंच राहिला. यंदा नव्या मुलीही आल्या आहेत. म्हणून तर पहिल्या प्रश्नाशी मी अडते. बाबा मात्र अजून विचारतात, "छापून इला काय गो?" खिळा तसाच आहे.

नमुना संग्रहालयात जमा करायचा होता. सरांनी नवी चिठ्ठी दिली, शिसपेन्सिलीनेच लिहिलेली. सापडला कोणाला, तिथे सूनबाईंचं नाव. "जुनी काढून ही टाक," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि ती बाटली कधीतरी त्यांच्या हाती येवो. गेल्या सोमवारी मी ती जमा केली, जुन्या चिठ्ठीसकट. नवी सरांच्या टेबलावर परत ठेवून आले.