'सोड' हा शब्द

आमच्या सेलूकडे कडा म्हणाल तर एकच, तोही माणसांनीच खोदलेला. गिट्टीची जुनी, बंद पडलेली खदान. केबल नवीन आलं त्या वर्षी मोठ्या भावाने टीव्हीवर गोरी माणसं पॅराशूट घेऊन डोंगरावरून उड्या मारताना पाहिली आणि त्याच्या अंगातच आलं. बाबांचं कापडाचं दुकान. कापडात वाढलेल्या पोराला वाटलं, त्यात काय, आपणही शिवू. आणि शिवलंही!

बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. ते त्याला फार लागलं. मला म्हणायचा, "बाबानं एक डाव हो म्हनलं, का मंग पाह्यजो तू." तोवर खालच्या टप्प्यावरून सराव चालायचा. एक मित्र मागे कापड धरून उभा राहायचा, दुसरा खालून वारा पाहायचा आणि ओरडायचा, "सोड!" मग मागच्याने कापड सोडायचं आणि भावाने उडी घ्यायची. हे मला ठाऊक होतं, बाबांना नव्हतं.

एका दुपारी कोणी गिऱ्हाईक सांगून गेलं की, तुमचा पोरगा आज पार वर चढला. बाबांनी स्कूटर काढली, मी मागे बसले. खदानीत पोचलो तर भाऊ अगदी काठावर उभा, मागे मित्र कापड धरून. बाबा जीव तोडून ओरडले, "सोड थे! सोड म्हनतो ना!"

कापड उघडलंच नाही.

आमच्यात दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. अशुभ बोलू नये म्हणून. त्या खुणेचं मित्रांनी बाबांना नंतर सांगितलं आणि घरातून आणखी एक शब्द गेला. वासरू मोकळं करायचं, गाठ उकलायची, हट्ट टाकून द्यायचा. कोणी गिऱ्हाईक भाव करताना तो शब्द बोललं की बाबा कापडाचं थान तसंच टाकून आत निघून जायचे. मला राग यायचा त्या शब्दाचा. एवढासा शब्द, आणि आमच्या घरात भूत होऊन बसला.

बाबा एकच वाक्य धरून होते. "एवढ्या उंचावर आवाज कुठं जाते? पाय घसरला त्याचा." पाहुण्यांना सांगायचे, स्वतःलाही. आम्ही माना हलवायचो.

माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. माहेरी आले होते, दुकानात आम्ही दोघंच होतो. कापड मोजता मोजता त्यांनी एकदम विचारलं, "लय भेला होता काय व थो?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मला वाटलं, हे ऐकून तरी त्यांच्या जिवाला बरं वाटेल.

"नाई बाबा. तुमच्याकडे पाह्यलं अन् हासला. हात बी केला."

बाबांचा हात कापडावरच थांबला.

"म्हंजे त्याले आयकू गेलं," ते म्हणाले.