वाढणाऱ्या हाताला सांगा

डॉ. रशीदसाहेब पहिल्या भेटीत बसलेले मला आठवत नाहीत. अमरावतीच्या आपल्या दवाखान्यात, माझ्या थोरल्या भावाचा तपासणीचा अहवाल हातात घेऊन, ते खिडकीपासून दारापर्यंत फिरत बोलले. जठराचा कॅन्सर आहे. पोट न फाडता दुर्बिणीने काढता येईल. "पण आत वेगळं काही दिसलं तर पोट उघडेन. हट्ट करणार नाही."

शेतीने माणसांची झोप उडवलेली ती वर्षं. आमच्या नांदगाव खंडेश्वरकडे कापूस घरात आल्याशिवाय कुणी दुखणं बोलून दाखवत नसे. दादाही उशिराच आले होते. अशी माणसं लवकर उठून घरी जावीत, एवढ्यासाठी डॉक्टरसाहेब ही शस्त्रक्रिया उतारवयात नव्याने शिकले.

ती नीट झाली. पोटावर चार बारीक छिद्रं, बेंबीजवळ बोटभर चीर. दादा चालत घरी आले. घोटाळा तिथेच झाला. शेतात रोडग्यांची, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पंगत होती. जखम लहान पाहून सगळ्यांनी आजारही लहान ठरवला. रोडगा, तूप, वांग्याची भाजी. दादा नको म्हणत होते, ताटात पडत होतं. थोड्याच वेळात त्यांना दरदरून घाम फुटला, उलट्या झाल्या. आम्ही अमरावतीला धावलो. आतले टाके सुटले असतील तर?

डॉक्टरसाहेबांनी तपासलं. टाके शाबूत होते. मग त्यांनी विचारलं, "आग्रह कोनं केला?"

वहिनी पुढे झाल्या. "म्या. जखम तर इतुकुशी. म्हटलं, मानूस वाळून गेला, खाऊ द्या."

"वैनी, जखम इतुकुशी, पन आपरेशन मोठं हाय. पोट वाटीभरच ठेवलं म्या."

"मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

डॉक्टरसाहेबांच्या येरझारा थांबल्या. "त्याइले सांगतलं. वाढनारीले सांगाले पाह्यजे होतं. गलती माही."

तेव्हापासून रुग्णाला घरी सोडण्याआधी ते विचारतात, "घरात आग्रह कोन करते?" त्या माणसाला समोर बसवून त्याच्याच हाताने रुग्णाला वाटीभर वाढायला लावतात. किती सासवांनी आणि किती मामांनी त्या खोलीत भरलेला डाव पुन्हा पातेल्यात ठेवला असेल.

दादा आज ठीक आहेत. तरी 'बरा झाला' हे शब्द डॉक्टरसाहेबांनी अजून उच्चारलेले नाहीत. दर तपासणीला अहवाल येईपर्यंत ते फिरत राहतात. त्यांच्या त्या फिरण्याचाच आमच्या घराला आधार वाटतो.

डॉक्टरसाहेबांच्या पंचाहत्तरीच्या पंगतीत वहिनी वाढणार आहेत. दादांना वाटीभर. डॉक्टरसाहेबांना मात्र आग्रह होईल : आणखी पुष्कळ निरोगी वर्षांचा, आणि निदान जेवणापुरतं तरी बसण्याचा. ते नको म्हणतील. वहिनी ऐकणार नाहीत.