होटगीच्या गारा

सोलापूरचा माणूस उन्हाळ्यात पेपरातल्या तापमानावर विश्वास ठेवत नाही. पेपरात त्रेचाळीस छापून आलं की आमच्या गल्लीत ते दोन अंश वाढवूनच बोललं जातं. खरा आकडा दाबतात, असं सगळ्यांचं ठाम मत. मी त्याच्याही पुढचा. कलिंगड लालभडक निघालं तर मला आनंद होत नाही, कुणी सुई टोचलीय का ते मी सालीवर शोधत बसतो. बायको "साखर घातलीय" म्हणाली तरी चहा एकदा ढवळून बघतो. एवढ्या संशयी माणसानं जन्मात एकाच माणसाचं बोलणं कधी तपासलं नाही. तो माणूस मीच.

माझी एक गोष्ट आहे, घरातल्या सगळ्यांना पाठ झालेली. मे महिन्याच्या सुट्टीत मी अण्णांबरोबर होटगीला मामाकडं निघालो होतो. अण्णा म्हणजे आमचे वडील, शाळेत क्लार्क. स्टेशनातून निघून अर्ध्या वाटेत आलो आणि आभाळ एकदम काळं होऊन गारा सुरू झाल्या. आडोसा कुठंच नाही. रस्त्याकडेला कुणाचं तरी बांधकाम चाललं होतं. तिथलं लोखंडी घमेलं उचलून अण्णांनी माझ्या डोक्यावर पालथं घातलं. वर गारा टणाटण वाजतायत आणि आत अंधारात मी. अण्णा फार बोलणारे नव्हते, जवळ घेणारे तर नव्हतेच. त्यांनी खास माझ्यासाठी काही केलं, असं सांगायला माझ्याकडं ते एक घमेलंच आहे. म्हणून मी ते जपून वापरतो. वर्षातून चारपाच वेळा, जास्त नाही.

यंदा सुट्टीत मैंदर्गीहून अक्का आली, माझी थोरली बहीण. दुपारी कूलरपुढं नातवंडं गोळा झाली तसं मी घमेलं बाहेर काढलं. अक्का शेंगा फोडत बसली होती. तिनं मला शेवटपर्यंत सांगू दिलं. मग म्हणाली, "सांगतोस लई छान. पण घमेलं माझ्या डोक्यावर होतं."

"तू कुठं होतीस तिथं?"

"मी होते की. तूच नव्हतास. तुला गोवर आला होता. उशाला कडुलिंबाचा पाला घेऊन घरात पडला होतास."

"अक्का, तुझं वय झालं आता."

"माझं झालं. तुझं काय व्हायचं राहिलंय?"

नातवंडं हसली. मला मात्र डाव दिसायला लागला. हिच्या स्वतःच्या आठवणी सांगून संपल्या असणार, म्हणून आता माझ्यावर डोळा. मी शांतपणे म्हणालो, "माझ्याकडं लेखी पुरावा आहे."

आणि तो खरंच होता. सुट्टीत अण्णांचा नियम असायचा: दर आठवड्याला एक पुस्तक वाचायचं आणि संपलं की शेवटच्या कोऱ्या पानावर गाव, वेळ आणि हवा कशी होती ते लिहायचं. खाली अण्णा सही करत. मास्तरांच्या रजेच्या अर्जात एक तारीख जुळली नाही तर अर्ज परत पाठवणारे अण्णा. त्यांची सही म्हणजे कोर्टाचा शिक्का.

मी माळ्यावर चढलो, दोन वेळा शिंकलो, ट्रंक उपसली आणि पुस्तक घेऊन उतरलो. सगळ्यांसमोर उभं राहून वाचलं, "होटगी. दुपारी मोठ्या गारा. पुस्तक वाचून संपले." खाली अण्णांची सही. थोडी वेडीवाकडी होती, पण अण्णांचीच.

"बघ," मी म्हणालो.

अक्कानं पदराला हात पुसले, चष्मा चढवला आणि पुस्तक घेतलं. शेवटचं पान तिनं बघितलंच नाही. ती मधलं पान उघडायला लागली. ते उघडेना. त्या काळी काही पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच यायची, पट्टीनं कापत वाचावं लागायचं. हे पुस्तक अठ्ठेचाळीस पानांपर्यंत कापलेलं होतं. पुढची सगळी पानं होती तशीच.

"हे कसं रे वाचलंस? फटीतनं डोकावून?"

कूलर घरघरत होता, आणि इतक्या वर्षांनी मला लिंबाच्या पाल्याचा वास आला. अंगाला खाज सुटल्यासारखं झालं. त्या संध्याकाळी दोघं होटगीहून घरी आली, अक्का भिजलेली, गारांचं सांगत सुटलेली. मला नेलं नाही म्हणून मी भिंतीकडं तोंड करून पडलेलो. मग सूड म्हणून मी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर होटगीला जाऊन आलो.

तरी शेवटचा प्रयत्न म्हणून म्हणालो, "पण तो आवाज अजून माझ्या कानात आहे. टणाटण."

"तो मी काढलेला. तुझं रडणं थांबेना म्हणून तुझ्या डोक्यावर पातेलं घातलं आणि उलथन्यानं बडवलं."

"आणि तुझ्या कानात?"

"मला आवाजाचं काही आठवत नाही. अण्णांचा हात आठवतो. घमेलं मोठं, वारं लागलं की उडायला बघायचं. त्यांनी ते वरून धरून ठेवलं होतं. गारा सगळ्या बोटांवर. मामाकडं त्यांना चहाचा कप धरता येईना."

माझ्या गोष्टीत अण्णांना हातच नव्हते. कलिंगडाची साल तपासणाऱ्या माणसाला एवढ्या वर्षांत एकदाही प्रश्न पडला नाही की त्या वाऱ्यात घमेलं धरलं कुणी.

आता अक्का शेवटचं पान बघत होती. सहीवर तिनं बोट ठेवलं. "त्याच दिवशी केलेली दिसते. एरवी त्यांचं अक्षर असं वाकडं नसायचं." मग म्हणाली, "तू होटगीला नव्हतास हे त्यांना ठाऊक होतं की. आणि जोडलेली पानं हाताला लागतातच."

"मग सही कशी केली?"

"मला काय विचारतोस? मला तर दोन पानं गाळली म्हणून अख्खं पुस्तक पुन्हा वाचायला लावलं होतं."

हे बोलताना ती शेंगा जरा जोरातच फोडत होती. मी तिला पाणी आणून दिलं.

अक्का परत गेली. गोष्ट मी आता तिच्या नावानं सांगतो, अण्णांच्या हातासकट. रोज दुपारी पट्टी घेऊन थोडी पानं कापतो आणि वाचतो. एकसष्टाव्या पानावर आहे. पुस्तक भयंकर कंटाळवाणं आहे, तेव्हा सोडलं ते बरोबरच होतं. अक्का फोन करून किती पानं झाली ते विचारते आणि मी सांगितलेल्या आकड्यातून दहा वजा करते.

शेवटचं पान मी मागेल त्याला दाखवतो. पण पुस्तक कुणाच्या हातात देत नाही. आमच्या घरात कोण कधी काय पळवेल, सांगता येत नाही.