चिगळीचा ओटा

आमच्या पारनेराकडच्या माळावर चिगळ कुठं सापडेल, ते भागूबाईला विचारावं. लालसर देठाची, जमिनीला चिकटून पसरणारी ही आंबटसर रानभाजी. तुरीच्या डाळीत शिजवली की चिंच लागत नाही. भागूबाईच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. लोकांच्या वावरातली चिगळ मुळासकट उपटायची, लुगड्याचा पदर कमरेला खोचून केलेल्या ओट्यात भरायची, त्यावर तिची चूल चाले. कुणी हटकत नसे. फुकटात निंदणी होई.

एकाहत्तरच्या भादव्यात मात्र वावरात कांदा लावलेल्या सहादेवाच्या डोक्यात आलं, की ही चिगळीखाली कांदे लपवते. विहिरीवर चार बाया धुणं धूत होत्या. त्यांच्यासमोर त्यानं तिचा ओटा झाडायला लावला. निघाली नुसती चिगळ. तरी माघार घ्यायची कशी?

"भागे, चोरटी हायस तू. पुन्हा बांधावर दिसू नको."

त्या दिवसापासून गावात तिचं नाव चिगळचोर पडलं. भाजी दुसऱ्या रानातही मिळाली असती, पण हे नाव घेऊन ती कुणाच्या वावरात पाय टाकणार?

सहादेवाचा राग तेवढ्यावर भागला नाही. वावरात उरलेली चिगळ तिच्या हाती लागू नये म्हणून त्यानं खुरप्यानं त्या भाजीचे बारीक तुकडे केले आणि पाटात सोडून दिले. आता चिगळीचा तुकडा ओल्या मातीला टेकला की मूळ धरतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण रागावलेल्या माणसाला कोण सांगणार? पाण्यानं तुकडे वाफ्यावाफ्यात नेऊन पोचवले. पंधरा दिवसांत कांद्याची पात शोधावी लागली. मजूर बाया म्हणाल्या, हे उपटावं भागूबाईनंच.

सहादेव तिच्या दारात आला. "भागूमावशी, तेवढं रान मोकळं करा."

"परवापातुर भागी हुते. मावशी कवा झाले?" ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "जिथं चोर म्हनलास तिथं बोल. त्याच बायांम्होरं. तेवढ्याच मोठ्यानं."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तो पुटपुटला. तिनं कानामागं हात धरला. मग तो ओरडला, "भागूबाई चोर न्हाई." बाया पदराआड हसल्या. भागूबाई हसली नाही. कासोटा घट्ट करून सरळ वावरात शिरली.

पुढं कैक वर्षं ती त्या रानात जात राहिली. पण निघताना दर खेपेला सहादेवाला हाक मारी, त्याच्या पायाशी ओटा रिकामा करी. तो म्हणे, "ऱ्हाऊ द्या, मावशी."

"न्हाई. बघ."

तो खाली बघेपर्यंत ती चिगळीला हात लावत नसे.